पायाकडून पेटीकडे

मोटार चालविण्याचे शिक्षण सर्वत्र गाडी सुरू करण्यापासून आरंभते. परंतु ज्या मंडळींनी मोटारीचा धंदा कारखान्यांतून उभा केला त्यांना प्रारंभापासूनच कळून चुकले होते की, गती उत्पन्न करणे हे इंधनाचे काम असले तरी उत्पन्न झालेली गती योग्य जागी, योग्य क्षणी आणि गाडी वाकडी न होऊ देता काढून घेणे हे बुद्धीचे काम आहे. दीड टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या अंगी सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल इतकी ऊर्जा असते, आणि गाडी थांबविणे म्हणजे ही सर्व ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करून हवेत सोडून देणे, एवढाच मार्ग विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात अभियंत्यांपुढे मोकळा होता. विजेच्या हिशोबाने ती ऊर्जा जेमतेम एक षष्ठांश युनिट भरते. पेट्रोलच्या गाडीत ती परत जमा करण्याची सोयच नसल्यामुळे तिची खंत कोणी केली नाही; विजेची गाडी आली, बॅटरीतील प्रत्येक युनिटाला मोल आले, आणि मग या उधळपट्टीचा जाब विचारला जाऊ लागला. त्या जाबातून, आणि आणखी दोन-तीन कारणांच्या संयोगातून, आजच्या विजेच्या गाड्यांच्या बॉनेटखाली बसणारी ती आटोपशीर पेटी जन्मास आली, जिच्या एकाच धातूच्या ठोकळ्यात पायाचा जोर तेलात उतरविणारा मास्टर सिलिंडर, त्या जोराला जोड देणारा बूस्टर, दाब उत्पन्न करणारी विद्युत् मोटर, तेलाच्या झडपा आणि त्या सर्वांवर हुकमत चालविणारा संगणक एकत्र नांदतात.

ही पेटी मुख्यत्वे जर्मन कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आकारास आली हे खरे. तथापि तिची हकीकत बंगळूरच्या वाटेने सांगितली असता अधिक स्पष्ट होते असे मला वाटते, कारण ज्या प्रश्नाचे ती पेटी उत्तर आहे तो प्रश्न भारताच्या रस्त्यावर आणणारी एक चिमुकली गाडी याच शहरात तयार झाली, आणि त्या उत्तराचा जो भाग डोळ्यांना दिसत नाही त्याचे लेखन आज पुष्कळ अंशी याच शहरातील कचेऱ्यांत होते.

मराठी वाचकाला बंगळूर म्हटले की प्रथम शहाजीराजांची जहागीर आठवते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक जवळचा दुवा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या या अभियंत्याने १९०३ साली खडकवासल्याच्या जलाशयावर असे दरवाजे बसविले की जे पाण्याने ठरावीक पातळी गाठताच, कोणा चौकीदाराच्या हुकुमाची वाट न पाहता, आपोआप उघडत. पुढे म्हैसूरची दिवाणगिरी करून निवृत्त झाल्यावर १९३० च्या दशकात त्यांनी हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला, युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहिले, योजना तयार केली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली; पण परकीय सरकारची अनुकूलता त्या योजनेला लाभली नाही. वालचंदांचा मोटारींचा कारखाना अखेर मुंबईस कुर्ल्याला प्रीमियर या नावाने निघाला, आणि बंगळूरच्या वाट्याला आला तो १९४० च्या डिसेंबरात स्थापन झालेला विमानांचा कारखाना. मोटारींच्या बाबतीत या शहराचे नशीब असेच राहिले. अख्खी गाडी येथे क्वचितच बनली. तिचे मर्मभाग मात्र येथे बनत राहिले.

त्या मर्मभागांची पहिली मोठी पेढी १९५१ साली निघालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी होय. जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेचा आडुगोडी भागातील कारखाना स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनांचे इंधनपंप बनवी, आणि ‘मायको’ या तिच्या लघुनामाने शहराच्या बोलीत इतके घर केले की एका वसाहतीलाही तेच नाव पडले. डिझेलच्या पंपात इंधनाचा दाब सांभाळणारे भाग सहस्रांश मिलिमीटरच्या काटेकोरपणाने घडवावे लागतात. ही विद्या ब्रेकची नव्हती खरी, पण द्रवाच्या दाबाशी सूक्ष्म व्यवहार करण्याची सवय तिने या शहराच्या हातांना लावली.

आता मूळ सूत्राकडे वळू. गाडीच्या चारही चाकांना एकाच वेळी आणि सारख्याच जोराने आवर घालणे सळया आणि दोऱ्यांच्या साहाय्याने दुर्घट होते. बंद नळीतील द्रवावर टाकलेला दाब सर्व दिशांना समान पोहोचतो या पास्कालच्या नियमाचा आधार घेऊन माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने तेलाचे ब्रेक सिद्ध केले. ते बसविलेल्या ड्युसेनबर्ग गाडीने १९२१ साली फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत जिंकली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हे ब्रेक सामान्य मोटारींतही आले. गाड्या जड झाल्या तसा पायाचा जोर अपुरा पडू लागला. त्यावर १९२७ च्या सुमारास बेल्जियमच्या आल्बेर द्वांद्र यांनी काढलेली युक्ती फार चतुर होती. पेट्रोलचे इंजिन हवा शोषून घेते त्या नळीत आपोआप निर्वात निर्माण होतो. त्या फुकटच्या निर्वाताला एका चकतीच्या मागे उभे करून त्यांनी पायाच्या जोराला बाहेरच्या हवेच्या दाबाची जोड दिली. बॉनेट उघडले की ड्रायव्हरच्या बाजूला थाळीसारखा दिसणारा काळा गोल डबा तो हाच. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातील बहुतेक मोटारी या डब्याच्या भरवशावर थांबल्या, आणि इंजिन जिवंत आहे तोवर निर्वात आहे हे गृहीत इतके सर्वमान्य झाले की ते गृहीत आहे याचाही विसर पडला.

मध्यंतरी ब्रेकवरील पायाच्या एकछत्री अंमलाला पहिला धक्का बसला. १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत बॉशची एबीएस आली. चाक कुलूपबंद होऊन घसरू लागले की ही यंत्रणा ड्रायव्हरच्या पायाची पर्वा न करता त्या चाकावरील तेलाचा दाब क्षणभर कमी करते. १९९५ साली आलेल्या ईएसपीने आणखी पुढचे पाऊल टाकले. पाय ब्रेकवर नसतानाही, गाडी वळणावर सुटू लागली तर ती स्वतः एखाद्या चाकाला ब्रेक लावते. म्हणजे दाब कमी करण्याची आणि पुढे तो वाढविण्याचीही मुखत्यारी माणसाने यंत्राला दिली होती. ती हप्त्याहप्त्याने आणि संकटसमयापुरतीच दिलेली असल्यामुळे तिचा गाजावाजा झाला नाही, एवढेच.

याच काळात बंगळुरात दुसरी एक घडामोड चालली होती. १९९६ साली मर्सिडीजने येथे आपले संशोधन केंद्र उघडले. त्याच दशकाच्या अखेरीस बॉशची सॉफ्टवेअर शाखा येथे वाढू लागली आणि यथावकाश त्या कंपनीचे जर्मनीबाहेरील सर्वांत मोठे विकासकेंद्र झाली. काँटिनेंटल या दुसऱ्या जर्मन कंपनीनेही आपले तांत्रिक केंद्र याच शहरात थाटले. यामागे स्वस्त आणि शिकलेले मनुष्यबळ हे कारण होतेच, आणि ते लपविण्याचे प्रयोजन नाही. परंतु स्वस्ताईने आलेले काम स्वस्ताईपुरतेच राहते असे नाही. आरंभी जर्मन अभियंत्यांनी लिहिलेल्या आज्ञावलीच्या चाचण्या घेणारी मंडळी हळूहळू त्या आज्ञावलीचे भाग स्वतः लिहू लागली, आणि ब्रेकसारख्या प्राणावर बेतणाऱ्या यंत्रणेचे दप्तर बंगळूरच्या मेजांवर येऊ लागले.

आणि नेमक्या याच सुमारास, या कचेऱ्यांशी काहीही संबंध नसलेली, ‘रेवा’ नावाची एक गाडी शहराच्या दक्षिणेस बोम्मसंद्र औद्योगिक वसाहतीत तयार होत होती.

रेवाचे जनक चेतन मैनी. मिशिगन विद्यापीठात शिकत असता सौर ऊर्जेवर धावणाऱ्या मोटारीच्या चमूत त्यांनी काम केले होते, आणि त्या गाडीने १९९० साली ऑस्ट्रेलियातील शर्यतीत तिसरा क्रमांक पटकाविला होता. वडील सुदर्शन मैनी यांचा बंगळुरात यंत्रभागांचा उद्योग होता. १९९४ साली मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन कंपनी यांच्या सहकार्यातून विजेच्या गाडीचा प्रकल्प सुरू झाला, आणि २००१ साली गाडी बाजारात आली. नाव चेतन यांच्या मातोश्रींचे. दोन दरवाजे, पुढे दोन मोठी माणसे आणि मागे दोन मुले बसतील एवढी जागा, शिशाच्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा संच, एका भारणावर सुमारे ८० किलोमीटरची मजल आणि ताशी ६५ किलोमीटरचा कमाल वेग, असा तिचा साधा संसार होता. २००३ साली लंडनच्या मध्यभागात गर्दीचा कर सुरू झाला, विजेच्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली, आणि २००४ पासून ‘जी-विझ’ या नावाने ही बंगळूरची लेक लंडनच्या रस्त्यांवर बरीच दिसू लागली. तिच्या रूपाची तेथे पुष्कळ टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्याच काळात स्वतः विजेची गाडी बाजारात आणून दाखविली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

रेवात थांबण्याचे दोन मार्ग होते. एक नेहमीचा, तेलाच्या ब्रेकचा. २००८ च्या सुधारित आवृत्तीत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही मिळाले. दुसरा मार्ग विजेच्या मोटरीचा. गाडी चालविणारी मोटर उलट चाकांकडूनच फिरविली गेली की तीच जनित्र होते, चाकांची गती ओढून घेते आणि तिची वीज करून बॅटरीत परत टाकते. ऊर्जेचा जो जाब वर सांगितला त्याचे हे उत्तर. पण उत्तराबरोबरच अडचणही आली. मोटरीचा ब्रेक भरवशाचा नाही: बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती आणखी वीज घेत नाही, वेग अगदी कमी झाला की त्याचा जोर ओसरतो, आणि तो फक्त मोटर जोडलेल्या चाकांनाच लागू पडतो. तेलाचा ब्रेक भरवशाचा, पण प्रत्येक वेळी ऊर्जा वाया घालविणारा. एका जुवाला जोडलेल्या दोन बैलांतला एक मनस्वी आणि दुसरा उधळ्या असावा, तशी ही जोडी. त्या काळच्या छोट्या विजेच्या गाड्यांत दोघांना सर्वसाधारणपणे शेजारी शेजारी उभे केले जाई. मोटर आपला ठरलेला माफक वाटा घेई, उरलेले काम पाय आणि तेल करीत, आणि दोघांत क्षणाक्षणाला वाटणी करणारा मुकादम असा कोणी नसे. असा मुकादम नेमायचा तर पायाचा आणि तेलाचा थेट संबंध तोडावा लागतो, कारण पाय जितका दाबला तितके तेल चाकाशी गेलेच तर मोटरीसाठी काही शिल्लक राहत नाही. या दृष्टीने पाहता रेवाने प्रश्न मांडला, आणि तो सोडविण्याची साधने त्या वेळी तिच्या ऐपतीपलीकडची होती.

ज्यांची ऐपत होती त्यांनाही हे प्रकरण जड गेले. टोयोटाने १९९७ च्या अखेरीस बाजारात आणलेल्या प्रियसमध्ये तेल आणि मोटर यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न होता, आणि २००३ च्या दुसऱ्या पिढीत तो पुष्कळच परिपक्व झाला. मर्सिडीज आणि बॉश यांनी तर त्याहून धाडसी बेत केला. २००१ साली स्पोर्ट्‌स गाडीत आणि पुढच्या वर्षी ई-क्लासमध्ये त्यांनी असे ब्रेक दिले की ज्यांत नेहमीच्या वापरात पायाचा हुकूम विद्युत् संवेदक टिपे. पाय किती वेगाने आणि किती दाबला ते संगणक वाचे आणि आधीच दाबाखाली साठवून ठेवलेले तेल झडपांतून चाकांकडे सोडी. पायाच्या इच्छेचा अर्थ लावण्याचे काम आता यंत्राकडे गेले होते. मे २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मार्च २००५ मध्ये पुन्हा सुमारे १३ लाख, अंशतः याच कारणासाठी. आणि २००६ मध्ये ई-क्लासमधून ही यंत्रणा काढून टाकून कंपनी मुकाट्याने जुन्या निर्वाताच्या डब्याकडे परतली. माझ्या मते या माघारीचे मर्म तंत्रातील दोषापेक्षा प्रयोजनाच्या उणिवेत आहे. त्या गाड्यांत पेट्रोल-डिझेलची इंजिने होती, निर्वात सहज मिळत होता, परत मिळवायची वीज नव्हती. एवढी गुंतागुंत ज्या लाभासाठी पत्करावी तो लाभ त्या गाड्यांना नव्हता.

दुसरा धडा प्रियसने दिला. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने नव्या प्रियससह सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस जागी झाली की ब्रेकचा जोर क्षणभर सुटल्यासारखा ड्रायव्हरला वाटे. दुरुस्तीत कुठलाही सुटा भाग बदलावा लागला नाही. आज्ञावली बदलली गेली आणि काम झाले. मोटारीच्या ब्रेकची दुरुस्ती पान्याशिवाय होऊ शकते ही गोष्ट तोपर्यंत सामान्य मनुष्याच्या कल्पनेतही नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात महिंद्र उद्योगसमूहाने रेवा कंपनीतील ५५.२ टक्के हिस्सा विकत घेतला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु एकीने ब्रेकचे मर्म आज्ञावलीत आहे हे उघड केले आणि दुसरीने विजेच्या गाडीला मोठ्या घराण्याचा आश्रय मिळवून दिला, म्हणून २०१० हे वर्ष या हकीकतीत खूण करून ठेवावे असे आहे.

यानंतर घटना वेगाने घडल्या. विजेच्या गाडीत इंजिन नसल्यामुळे तो फुकटचा निर्वातही नसतो. २०१३ साली बॉशने निर्वाताच्या डब्याऐवजी विद्युत् मोटर आणि दंतचक्रे यांच्या बळावर पायाला साहाय्य करणारा बूस्टर आणला. संकटकाळी पूर्ण दाब उत्पन्न करण्यास त्याला सुमारे १२० सहस्रांश सेकंद पुरतात आणि सर्वसाधारण ब्रेक लावताना होणाऱ्या मंदनाचा बहुतेक भाग विजेच्या रूपाने परत मिळविता येतो, असे कंपनीने प्रसिद्ध केले. पण तो बूस्टर आणि ईएसपी या दोन स्वतंत्र पेट्या होत्या. त्यांचे एकीकरण करण्याचा मान काँटिनेंटलकडे जातो. २०१६ साली आल्फा रोमिओच्या जुलिया गाडीत तिची ‘एमके सी१’ ही एकत्रित पेटी आली आणि जुन्या जुळणीपेक्षा ती सुमारे ३० टक्क्यांपर्यंत हलकी असल्याचे सांगण्यात आले. झेडएफ कंपनीची पेटी त्यापाठोपाठ अमेरिकन गाड्यांत बसली, आणि बॉशचीही आली.

या पेटीचे काम कसे चालते ते एकदा नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सर्व वाद त्यावरच उभा आहे. ड्रायव्हर ब्रेक दाबतो तेव्हा त्याच्या पायाखालचे तेल चाकांकडे जात नाही. ते एका बंद कोठडीतील स्प्रिंग आणि रबर यांवर दाबले जाते आणि पायाला ओळखीचा कठीणपणा जाणवतो. हा प्रतिकार बेतलेला असतो, आणि तो किती कठीण असावा हे कारखाना ठरवितो. संगणक पायाची हालचाल वाचून किती मंदन हवे ते ठरवितो, मोटर त्यातले किती देऊ शकते ते विचारतो, आणि उरलेल्या वाट्यापुरतेच तेल विद्युत् मोटरीने ढकललेल्या दट्ट्याच्या साहाय्याने चाकांकडे पाठवितो. गाडी हळू होत जाते तसा मोटरीचा वाटा घटतो आणि तेलाचा वाढतो. हा हवाला पायाला कळता कामा नये, हीच कारागिरी. वीज गेली तर? तर झडपा आपल्या मूळ स्थितीला येतात, कोठडीचा मार्ग बंद होतो, आणि पायाखालचे तेल १९२१ सालच्याच पद्धतीने सरळ चाकांपर्यंत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या ब्रेकविषयक नियमाला जगातील बऱ्याच देशांनी मान्यता दिली आहे त्यानुसार, ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार सुस्थितीत ७० मीटरांत थांबली पाहिजे. आणि यंत्रणेचा एखादा भाग निकामी झाला तरी, पायाचा जोर ५०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ५१ किलो वजनापेक्षा, अधिक न लावता ती १६८ मीटरांत तरी थांबली पाहिजे. तेलाची ती जुनी वाट पेटीत शिल्लक राहिली ती मुख्यतः या कलमापायी. कायद्याने पायाचा हक्क अजून खालसा केलेला नाही.

बंगळूरचा वाटा यातील हवाल्याच्या कामात आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २६२६२ या आंतरराष्ट्रीय मानकाने मोटारीच्या विद्युत् यंत्रणांतील दोषांपासून उद्भवणाऱ्या धोक्यांची प्रतवारी लावली. तीत सर्वांत कडक श्रेणी ‘ड’ दर्जाची, आणि ब्रेक त्याच श्रेणीत येतात. त्या दर्जाचा अर्थ असा की आज्ञावलीतील प्रत्येक ओळ कोणत्या सुरक्षा-आवश्यकतेतून उगवली, ती कोणी तपासली आणि कोणत्या चाचणीतून गेली याचा दाखला दप्तरी असावा लागतो. म्हणून या शहरातील ब्रेक-अभियंत्याचा दिवस बहुधा गाडीत जात नाही. त्याच्यापुढे एक खरी पेटी किंवा तिचा नुसता संगणक मेजावर जोडलेला असतो, आणि बाकीची गाडी, तिची चाके, बर्फाळ रस्ता, भरलेली बॅटरी, तुटलेली तार हे सर्व दुसरा संगणक त्या पेटीला खोटेखोटे भासवीत असतो. स्वीडनमधील गोठलेल्या सरोवरावर हिवाळ्यात होणाऱ्या चाचणीची पूर्वतयारी उष्ण कटिबंधातील या शहरात बसून होते. या कामाला शिल्पाची प्रतिष्ठा नाही, त्यावर कोणाचे नाव कोरले जात नाही. जून २०२२ मध्ये बॉशच्या आडुगोडी येथील जुन्या आवाराचे नव्या तांत्रिक संकुलात रूपांतर होऊन पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले तेव्हा, स्पार्क प्लगच्या कारखान्याची जमीन आज्ञावलीच्या कामाला लागली हे सरकारी रीतीने जाहीर झाले, इतकेच.

महाराष्ट्रानेही आपली बाजू सांभाळली. पुण्याच्या कल्याणी समूहाची, जळगावला कारखाना असलेली कल्याणी ब्रेक्स ही कंपनी पुढे बॉशच्या मालकीत गेली, आणि चाकणला एबीएसचे उत्पादन होऊ लागले. १२५ घनसेंटिमीटरवरील दुचाकींना एबीएस सक्तीची झाली ती एप्रिल २०१८ पासून नव्या नमुन्यांना आणि एप्रिल २०१९ पासून सर्वांना. त्यामुळे तेलाच्या झडपा आणि त्यांचा संगणक या देशात सामान्य माणसाच्या वाहनापर्यंत पोहोचले. विजेच्या मोटारींत मे २०२२ मध्ये टाटांच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सने निर्वातरहित बूस्टरची जाहिरात केली. आणि २६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत महिंद्रांनी चाकणला बनणाऱ्या आपल्या दोन नव्या विजेच्या गाड्या लोकांसमोर आणल्या, तेव्हा त्यांच्या गुणांच्या यादीत विद्युत्संकेताने चालणारे ब्रेक होते. रेवाच्या खरेदीपासून या दिवसापर्यंत साडेचौदा वर्षे गेली. मधल्या काळात रेवाच्या वंशातील ‘ई-टू-ओ’ ही गाडी २०१३ साली आली, फारशी खपली नाही, आणि अस्तंगत झाली. वंश खुंटला पण वारसा गेला नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

परिणामांचा हिशोब मात्र एकतर्फी नाही. लाभ स्पष्ट आहेत: बॅटरीची मजल वाढते, ब्रेकचे पॅड अधिक काळ टिकतात, आणि समोरचे संकट कॅमेऱ्याने ओळखताच पाय उठण्याच्या आत गाडी थांबू लागते. परंतु जी गाडी सर्वस्वी स्वतः चालणार आहे तिच्यात ही पेटी अपुरी आहे, आणि ती का, हे तिच्या रचनेतूनच दिसते. वीज गेल्यावर पेटी पायावर विसंबते. ज्या गाडीत पाय ठेवणारा कोणी जागा नाही, किंवा मुळात कोणी नाहीच, तेथे तो जामीन निरुपयोगी. म्हणून कारखान्यांनी एकत्र केलेली पेटी पुन्हा फोडली: स्वयंचलित गाड्यांसाठी मुख्य पेटीशेजारी स्वतंत्र विद्युत्पुरवठा असलेली दुसरी छोटी पेटी बसविली जाते, आणि पहिली मूक झाल्यास ती गाडी थांबविते. दोनाची एक करण्यात एवढी खटपट करून, माणूस वगळताच एकाची पुन्हा दोन करावी लागली. यात मला विसंगती दिसत नाही. माणूस हा यंत्रणेचा एक भाग होता, तो काढल्यावर त्याच्या जागी काहीतरी मांडणे प्राप्तच होते, आणि त्या जागेची खरी किंमत किती ते यानिमित्ताने प्रथम रुपया-पैशांत कळले.

दुसरा परिणाम अधिक जवळचा आणि कमी चर्चिलेला आहे. बंगळूरच्या जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि अशा प्रत्येक शहरातील मिस्त्रीला ब्रेकची नाडी हाताने कळत आली आहे. पेडल पोकळ लागले की नळीत हवा शिरली, मग एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू सैल करून हवा काढायची, ही विद्या दोन माणसे आणि एक पाना यांवर भागत असे. नव्या पेटीत ते पुरत नाही. बहुतेक नव्या गाड्यांत तेल बदलताना किंवा हवा काढताना संगणकाला निदान-यंत्र जोडून झडपा आणि दट्ट्या यांना ठरावीक क्रमाने हलवावे लागते, आणि ते यंत्र, त्यातील गाडीनिहाय आज्ञावली व तिचे वार्षिक शुल्क हे सर्व कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेला परवडते तसे रस्त्याकडेच्या मिस्त्रीला परवडत नाही. पेडलचा कठीणपणाही आता बेतलेला असल्यामुळे पायाच्या जाणिवेवरून रोग ओळखण्याचे त्याचे मुख्य साधनच हिरावले गेले आहे. तेल मात्र तेच आहे: ते अजूनही हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू अजूनही खाली येतो, आणि दोन वर्षांनी ते बदलावे अशी शिफारस बहुतेक कारखाने अजूनही करतात. ते कोणी, कोठे आणि कोणाच्या परवानगीने बदलावे, हा प्रश्न विजेच्या गाड्या हमीच्या मुदतीबाहेर पडून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाऊ लागतील तेव्हा परिवहन खात्यापुढे आल्यावाचून राहणार नाही, आणि त्याची तजवीज आज कोणत्याही नियमावलीत मला दिसत नाही.